पाण्याचा भरवसा नसलेल्या घराचे मूल्यांकन: नळापासून अहवालापर्यंत

घराचे मूल्यांकन करताना भिंती, छत, बांधकामाचे वय आणि जागेचे क्षेत्रफळ या गोष्टी डोळ्यांना दिसतात, मोजता येतात आणि दुसऱ्या दिवशीही तशाच राहतात. पाण्याचे तसे नाही. पाहणीच्या दिवशी ज्या घरात नळाला धो धो पाणी येते, तेच घर चार महिन्यांनी कोरडे पडू शकते, आणि त्या दोन दिवसांमध्ये घराची एक वीटही हललेली नसते. पाण्याचा स्रोत संशयास्पद असलेल्या घरापुढे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. आज पाणी येते आहे ना, मग प्रश्न मिटला, असे काही जण धरून चालतात. बाकीचे अंदाजपंचे दहा-वीस टक्के किंमत कापून मोकळे होतात. दोन्ही बाबतींत पाण्याची चौकशी झालेलीच नसते.

पाण्याची अनिश्चितता हा एकच प्रश्न नसून ते तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय आकड्याला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात पाणी किती मिळते, हा पहिला प्रश्न आहे. ते पाणी घेण्याचा हक्क नेमका कोणाचा आहे, हा दुसरा. आणि पाणी खात्रीचे करायचे झाले तर काय खर्च येईल, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर जमिनीत, दुसऱ्याचे कागदात आणि तिसऱ्याचे बाजारात सापडते. एका ठिकाणी सापडलेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. भरपूर पाण्याची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत असेल आणि ती वापरण्याची परवानगी केवळ तोंडी असेल, तर भरपूर पाण्याला किंमत उरत नाही.

पायरी १: काम नक्की काय आहे ते ठरवून घ्यावे

मूल्यांकन कोणासाठी आणि कोणत्या तारखेचे, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. खरेदीदाराला घर घ्यावे की नाही हे ठरवायचे असते. कर्ज देणाऱ्या संस्थेला, कर्ज बुडाल्यास घर विकून पैसे निघतील का, हे पाहायचे असते. वाटणीसाठी किंवा न्यायालयासाठी केलेल्या मूल्यांकनात तारीख अनेकदा मागची असते. मागच्या तारखेचे मूल्यांकन असेल तर त्या तारखेला पाण्याबद्दल जे माहीत होते किंवा वाजवी चौकशीतून कळू शकले असते, तेवढेच विचारात घ्यावे. विहीर नंतर आटली, हे आज माहीत असले तरी ते ज्ञान मागे नेता येत नाही. याच टप्प्यावर, पाण्याच्या तपासणीचा वेगळा खर्च आणि वेळ लागेल, हे काम देणाऱ्याला स्पष्ट सांगावे. त्याची तयारी नसेल तर अहवालात काय लिहिता येणार नाही, तेही तेव्हाच सांगावे.

पायरी २: नळापासून उलटे चालत जावे

स्वयंपाकघरातला नळ उघडावा आणि तिथून पाइपच्या मागोमाग उलटे चालत जावे: नळ, गच्चीवरची टाकी, जमिनीखालची टाकी, मोटर, आणि शेवटी जिथे पाणी खरोखर जन्माला येते ती जागा. या वाटेवर एकही दुवा ऐकीव माहितीवर सोडू नये. ‘पाणी बोअरचे आहे’ असे सांगितले जाते आणि बोअर दाखवलीही जाते, पण टाकीत पडणारा पाइप त्या बोअरपासूनच येतो का, हे मोटर चालू करून टाकीच्या तोंडाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

एका पाहणीत मला घरातले सगळे नळ जोरात वाहताना दिसले. बाहेर आल्यावर जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाभोवतीची माती ओली होती आणि त्या ओल्या मातीत रुंद टायरचे दोन ताजे ठसे होते. त्या सकाळीच टँकर रिकामा झालेला होता. विहीर होती, मोटर होती, विजेची जोडणीही होती. पण मोटरच्या स्विचवर धुळीचा जाड थर बसला होता आणि त्या धुळीवर बोटाचा एकही ठसा नव्हता. घरमालक खोटे बोलले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

अशा खुणा वाचायची सवय लावून घ्यावी. न्हाणीघरात भरून ठेवलेली पिंपे, प्रत्येक नळाखाली ठेवलेली बादली आणि घराच्या आकाराला न शोभणारी मोठी साठवण टाकी या पाणी बेभरवशाचे असल्याच्या खुणा आहेत. उघड्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर पाणी जिथे दीर्घकाळ टेकते तिथे रंगाचे पट्टे उमटतात. आजची पातळी सर्वांत वरच्या पट्ट्याशी असेल तर आपण चांगल्या दिवसांत आलो आहोत, असे समजावे आणि सर्वांत खालचा पट्टा किती खोल आहे ते मोजावे. विंधणविहिरीच्या बाबतीत मोटर दुरुस्तीसाठी वर काढली असेल तर तिच्या पाइपांकडे पाहावे. वरचे तुकडे जुने, मातकट आणि खालचे दोन-तीन तुकडे नवे असतील तर मोटर अलीकडे खाली सोडलेली आहे, म्हणजे पाण्याची पातळी खाली गेलेली आहे.

पायरी ३: कागद आणि शेजार

विंधणविहीर खोदताना ठेवलेली नोंद मिळवण्याचा आटोकाट प्रयत्न करावा. तीत एकूण खोली, केसिंग (माती ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप) किती मीटरपर्यंत आहे, कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला, पाणी कुठे लागले आणि त्या दिवशी किती निघाले, एवढे असते. मात्र खोदण्याच्या दिवशी लागलेले पाणी हा त्या विहिरीचा जन्मदाखला असतो, आजची प्रकृती नव्हे.

मोटरच्या दुरुस्तीच्या पावत्या, टँकरची बिले आणि विजेची बिले यांतून पाण्याचा इतिहास जवळजवळ महिनावार उभा करता येतो. घरात माणसे तेवढीच असताना विजेचा खर्च वर्षागणिक वाढत असेल, तर मोटर जास्त खोलीवरून किंवा जास्त वेळ उपसा करत असल्याची शक्यता तपासावी. मोटर वारंवार जळत असेल तर ती कोरडी चालते का, हे विचारावे.

शेजाऱ्यांना ‘तुमच्याकडे पाणी आहे का?’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण आपल्या भागाची किंमत उतरेल असे उत्तर कोणी सहसा देत नाही. ‘मोटर शेवटची खाली कधी सोडली?’, ‘कोरड्या दिवसांत मोटर किती वेळ चालते आणि मग किती वेळ थांबावे लागते?’, ‘दुसरी बोअर का मारली?’ असे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे लोक सहज देतात आणि त्यांत आकडे असतात.

पायरी ४: उपसा चाचणी

विहिरीतून पाणी उपसून जमिनीतून आत किती पाणी येते ते पाहण्याची ही चाचणी भूजलतज्ज्ञाने किंवा अनुभवी तंत्रज्ञाने करावी. मूल्यांकनकाराने स्वतः करू नये. पण चाचणीचा कागद वाचता आलाच पाहिजे, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते.

साधी पद्धत सर्वांना माहीत असते: बादली धरायची आणि घड्याळ लावायचे. वीस लिटरची बादली ऐंशी सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर पाणी येते आहे. हा आकडा खरा असतो, पण तो मोटरचा आकडा असतो, विहिरीचा नव्हे. १५० मिलिमीटर व्यासाच्या विंधणविहिरीत दर मीटर उंचीला सुमारे १७.७ लिटर पाणी मावते. मोटरच्या वर ६० मीटर पाणी उभे असेल तर तेवढ्या नळीतच १,०६० लिटर साठा झाला. मिनिटाला १५ लिटर या वेगाने तो साठा संपायला सुमारे सत्तर मिनिटे लागतात. म्हणजे अर्धा तास मोटर चालवून ‘पाणी कमी झाले नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने केवळ नळीत साठलेले पाणी मोजलेले असते; जमिनीतून एक थेंबही आत येत नसता तरी त्याला तेच दिसले असते.

म्हणून चाचणी किमान चार तासांची असावी आणि त्याआधी विहीर रात्रभर उपशाविना राहिलेली असावी. सुरुवातीला स्थिर पातळी मोजावी, मग ठरलेल्या वेगाने उपसा चालू ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी पातळी आणि प्रवाह दोन्हींची नोंद करावी. उपसलेले पाणी दूर सोडावे, नाहीतर तेच मुरून परत विहिरीत येण्याची भीती असते. पातळी काही वेळाने एका खोलीवर स्थिरावली तर जितके काढतो तितके आत येते, असा अर्थ होतो. ती खालीच जात राहिली तर उपसा आवकेपेक्षा जास्त आहे, हे समजावे आणि मोटर कोरडी पडण्याआधी थांबवावी.

माझ्या दृष्टीने चाचणीचा सर्वांत बोलका भाग मोटर बंद केल्यानंतर सुरू होतो. त्याच १५० मिलिमीटरच्या विहिरीत मोटर थांबवल्यावर दहा मिनिटांत पातळी ३ मीटर वर आली, तर सुमारे ५३ लिटर पाणी आत आले, म्हणजे मिनिटाला साधारण ५.३ लिटर. मोटरचा पाइप थोडी जागा व्यापत असल्यामुळे खरा आकडा किंचित कमी धरावा. पातळी जसजशी वर येते तसतशी आवक मंदावते, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या दहा मिनिटांचा वेग चोवीस तासांनी गुणून मोकळे होऊ नये. तरीही बारा तास धिम्या गतीने, टप्प्याटप्प्याने उपसा केला आणि मिनिटाला ५ लिटर धरले, तर दिवसाला ३,६०० लिटर होतात. पाच माणसांच्या घराला एवढे पाणी भरपूर झाले. नळाला सरळ जोडल्यास ही विहीर नापास ठरेल. मोठी टाकी आणि वेळेवर चालू-बंद होणारी मोटर जोडली तर तीच विहीर घर सहज चालवील. जोर आणि पुरेसेपणा यांची गल्लत केल्यामुळे चांगल्या घरांच्या किमती विनाकारण पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

उघड्या विहिरीचे गणित निराळे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पातळी म्हणजे सुमारे २८,००० लिटर पाणी. तिथे साठा मोठा असतो, पातळी संथपणे हलते आणि काही तासांच्या चाचणीतून फारसे निष्पन्न होत नाही. तिचे मूल्यमापन ऋतूंनुसारच करावे लागते. झऱ्याचेही तेच आहे.

चाचणीची तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची असते. कोरड्या ऋतूच्या अखेरीस घेतलेली एक साधी चाचणी, पावसानंतर लगेच घेतलेल्या तीन उत्तम चाचण्यांपेक्षा मोलाची असते. पाहणी चुकीच्या ऋतूत पडली तर ‘पाणी पुरेसे आहे’ हे वाक्य लिहू नये. मी ते एकदा लिहिले होते, काठोकाठ भरलेली विहीर पाहून. पुढच्या कोरड्या ऋतूत त्या कुटुंबाला दोन महिने बाहेरून पाणी आणावे लागले. माझा आकडा चुकला होता आणि त्याची किंमत मी मोजली नव्हती.

पायरी ५: गरज किती, हे वेगळे मोजावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या बहुतेक मूलभूत गरजा भागण्यासाठी दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागते. त्यातला वरचा आकडा घेऊन पाच जणांच्या घरासाठी ५०० लिटर ही किमान गरज धरता येते. बाग, जनावरे किंवा भाड्याच्या खोल्या असतील तर गरज त्यानुसार वाढते. आताचे राहणारे दोघेच असतील तर ‘आम्हाला पुरते’ हे त्यांचे म्हणणे खरे असूनही कामाचे नाही. चार शयनगृहांचे घर घेणारा त्याच आकाराच्या कुटुंबासह येतो.

पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात हा हिशेब कागदावरच पूर्ण होतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १२० चौरस मीटर छत, वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातले ८० टक्के हाती लागते असे धरले, तर ५७,६०० लिटर मिळतात. दिवसाला ५०० लिटर खर्च करणाऱ्या घराला ते ११५ दिवस पुरतील. इथे ‘आणखी मोठी टाकी बांधा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण मर्यादा टाकीची नसून छताची आहे.

पायरी ६: पाण्याची गुणवत्ता

पुरेसे पण पिण्यास अयोग्य पाणी हे अर्धे पाणी समजावे. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर आणि फार तर चोवीस तासांत पोहोचवावा. तो गाळणीच्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या आधीच्या टप्प्यावरून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू अजिबात आढळू नयेत, फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. नायट्रेटचा आकडा वाचताना तो नायट्रेट म्हणून दिला आहे की त्यातल्या नायट्रोजनपुरता, हे पाहावे. दुसऱ्या पद्धतीत तीच मर्यादा सुमारे ११ मिलिग्रॅमवर येते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दाखवणाऱ्या खिशातल्या टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नये, कारण पाण्यात आर्सेनिक किंवा जिवाणू आहेत का, हे त्याला कळत नाही.

मूल्यांकनासाठी महत्त्वाचा भेद म्हणजे दोष दूर होण्याजोगा आहे की नाही. विहिरीचे तोंड उघडे असल्यामुळे आलेले जिवाणू थोड्या खर्चात जातात. फ्लोराइड आणि आर्सेनिक खडकातूनच येत असल्याने यंत्रणा कायमची लागते, आणि तिची देखभालही. किनाऱ्याजवळच्या घरात खारेपणाकडे विशेष लक्ष द्यावे. घायबेन-हर्झबर्ग नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी तरंगत असते. उलट बाजूने पाहिले तर वरची पातळी कायमची एक मीटर उतरली की खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. असा खारेपणा एकदा विहिरीत शिरला की बराच काळ हटत नाही.

पायरी ७: हक्क कोणाचा

जमिनीच्या पोटातले पाणी जमीनमालकाचे, असे सरसकट धरणे धोक्याचे आहे. इंग्लंडमधील १८४३ च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात, शेजारच्या खाणकामामुळे विहीर आटली तरी विहीरमालकाला दाद मिळाली नाही. जो तो आपल्या जमिनीतून पाणी काढू शकतो, असे तत्त्व तिथे मांडले गेले. या तत्त्वाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: जो नियम तुम्हाला पाणी काढू देतो, तोच शेजाऱ्याला तुमची विहीर कोरडी करू देतो. आज अनेक प्रदेशांत परवाने, खोलीच्या मर्यादा आणि नव्या विहिरींवर बंदी असे नियम आहेत. घर ज्या ठिकाणी आहे तिथला नियम वाचूनच पुढे जावे.

सामाईक विहीर असेल तर पाहणी कागदांची करावी. पाण्याचा वाटा, पाइप नेण्याची वाट, दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या जागेत जाण्याची मुभा, खर्चाची वाटणी आणि घर विकल्यावर हे सगळे नव्या मालकाकडे जाते का, एवढ्या गोष्टी नोंदवलेल्या दस्तऐवजात असाव्यात. वर्षानुवर्षांचा वापर आणि चांगले संबंध यांच्यावर चाललेली व्यवस्था चांगल्या माणसांची असेल, पण ती माणसांची असते, घराची नसते. विक्रीबरोबर माणसे बदलतात.

बाहेरून आणलेल्या पाण्याचा धोका किती खरा आहे, हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीने अनुभवले. ही वस्ती स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीबाहेर आहे आणि तिथली शेकडो घरे त्या शहराच्या केंद्रावरून टँकरने पाणी आणत होती. १ जानेवारी २०२३ पासून शहराने आपले पाणी हद्दीबाहेर नेण्यासाठी देणे थांबवले. ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्याने ठरावीक क्षेत्रांत मोठ्या वसाहती उभारणाऱ्यांवर शंभर वर्षांच्या पाण्याची खात्री देण्याचे बंधन घातले आहे. मात्र जमिनीचे सहापेक्षा कमी तुकडे पाडून विकल्यास ते बंधन लागू होत नसे, आणि या वस्तीतली बरीच घरे अशाच तुकड्यांवर उभी राहिली होती. तिथल्या घरांच्या भिंती, रस्ते आणि दृश्ये ३१ डिसेंबरला होती तशीच १ जानेवारीला होती. टँकरवरच्या घराचे मूल्यांकन करताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत: टँकर कोणत्या स्रोतावर भरतो, तो स्रोत देणाऱ्यावर कोणते बंधन आहे, आणि उद्या त्याने हात वर केले तर दुसरा जवळचा स्रोत किती अंतरावर आहे.

पायरी ८: पुढची दहा वर्षे

आसपास नव्या वसाहती, कारखाने किंवा जास्त पाण्याची पिके येत आहेत का, हे पाहावे. कॅलिफोर्नियातल्या ईस्ट पोर्टरव्हिल गावात २०१४ च्या अवर्षणात शेकडो घरगुती विहिरी कोरड्या पडल्या. उथळ विहिरी सर्वांत आधी आटतात, हे तिथे ठळकपणे दिसले. पुढे ती घरे शेजारच्या शहराच्या पुरवठ्याला जोडली गेली. यातून दुसरी बाजूही कळते: सार्वजनिक नळयोजना येणार असेल तर आजची अनिश्चितता तात्पुरती ठरते. मात्र केवळ घोषणा झालेली योजना, निधी मंजूर झालेली योजना आणि घरासमोर पाइप पुरलेली योजना या तिन्हींना वेगवेगळे वजन द्यावे.

पायरी ९: आकडा काढणे

प्रथम तुलनात्मक विक्री पाहावी. आसपासच्या विकल्या गेलेल्या घरांची पाण्याच्या स्रोतानुसार वर्गवारी करावी: नळजोडणीची, स्वतःच्या विहिरीची, सामाईक विहिरीची, टँकरची. विक्री कोणत्या ऋतूत झाली आणि घर विकायला किती काळ लागला, हेही नोंदवावे. किंमत सारखी असूनही एक घर महिन्यात आणि दुसरे वर्षभराने विकले गेले असेल, तर पाण्याचा परिणाम वेळेत दडलेला असतो. इथली नेहमीची चूक म्हणजे दुहेरी वजावट. तुलनेसाठी घेतलेली घरे टँकरवरचीच असतील तर त्यांच्या किमतीत टँकर आधीच मोजलेला आहे. तो पुन्हा वजा करू नये.

तुलना पुरेशी नसेल तर खर्चाच्या बाजूने यावे. खात्रीच्या पाण्याचे तसेच घर १०० एकक किमतीचे आहे, असे धरू. समजा, टाकी, नवी मोटर आणि खोलीकरण मिळून ८ एकक खर्च येतो आणि त्या दगदगीपोटी खरेदीदार आणखी २ एकक कमी देतो. घर ९० वर आले. वर्षभर टँकर घ्यावा लागला आणि त्याचा जादा खर्च वर्षाला २ एकक असेल, तर ८ टक्के दराने त्या कायमच्या खर्चाचे आजचे मूल्य (२ भागिले ०.०८) २५ एकक होते. खर्च दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असे धरले तर तेच (२ भागिले ०.०५) ४० एककांवर जाते. टँकर केवळ तीन महिने लागत असेल आणि वाढ धरली नाही, तर वजावट सव्वासहा एकक एवढीच राहते. म्हणूनच ‘टँकर लागतो’ एवढ्या वाक्यावर काहीही ठरवू नये. किती महिने लागतो, हे कळल्याशिवाय आकडा निघत नाही.

नव्या विंधणविहिरीच्या खर्चात अपयशाचा खर्च धरावा. पाणी लागण्याची शक्यता दहात सहा असेल तर सरासरीने एकाऐवजी सुमारे १.६७ विहिरींचा खर्च पडतो, असे गणित मांडता येते. पण ते गणित एका लहान भूखंडावर फसते, कारण पहिली बोअर कोरडी गेली तर वीस पावलांवरची दुसरीही त्याच खडकात उतरते.

त्यानंतर शक्यतांची मांडणी करावी. समजा, आहे ती विहीर टिकण्याची शक्यता ५० टक्के आणि मूल्य १००. सुधारणा करावी लागण्याची शक्यता ३० टक्के आणि मूल्य ९०. कायम टँकरवर जाण्याची शक्यता २० टक्के, आणि तिथे २५ एककांच्या वजावटीनंतर खरेदीदार कमी असल्यामुळे आणखी ५ वजा करून मूल्य ७०. प्रत्येक मूल्याला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली की भारित सरासरी ९१ येते. हा आकडा उत्तर म्हणून लिहू नये. त्याला वरची मर्यादा समजावे. शंभर घरे घेणाऱ्याला सरासरी लाभते, पण एकच घर घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला तिन्हींपैकी एकच स्थिती येते, आणि त्या भीतीचे पैसे ते कुटुंब किमतीतून कापून घेते. कर्ज देणारी संस्था अशा घराला नकार देत असेल तर फक्त रोखीचे खरेदीदार उरतात आणि किंमत आणखी उतरते. ही वजावट किती, याचा पुरावा पुन्हा तुलनात्मक विक्रीतच शोधावा. शक्यतांचे टक्के मनाने ठरवू नयेत. ते भूजलतज्ज्ञाकडून लेखी घ्यावेत, नाहीतर एका आकड्याऐवजी मूल्याचा पट्टा द्यावा.

पायरी १०: अहवालातली वाक्ये

आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानके गृहीतक आणि विशेष गृहीतक यांत फरक करतात, आणि पाण्याच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो. जे तपासले नाही पण वाजवीपणे खरे असू शकते, ते गृहीतक. जे मूल्यांकनाच्या तारखेला खरे नाही हे माहीत असूनही धरले जाते, ते विशेष गृहीतक. उदाहरणार्थ, आज नसलेली नळजोडणी आहे असे मानून काढलेले मूल्य. विशेष गृहीतकावरचा आकडा द्यायचाच असेल तर तो आहे त्या स्थितीतल्या आकड्याशेजारी द्यावा, एकटा कधीही देऊ नये, कारण वाचणारा गृहीतक विसरतो आणि आकडा लक्षात ठेवतो.

‘पाणीपुरवठा समाधानकारक’ अशी शब्दरचना टाळावी. त्याऐवजी असे लिहावे: ‘घराचा पाणीपुरवठा आवारातील एका विंधणविहिरीवर अवलंबून आहे. अमुक तारखेला चार तासांची उपसा चाचणी झाली असून ती कोरड्या ऋतूतील नाही. पातळी पूर्ववत होण्याच्या वेगावरून आवक मिनिटाला सुमारे ५ लिटर आढळली. कोरड्या ऋतूतील आवक तपासलेली नाही. हे मूल्य, त्या काळातही घराला दिवसाला किमान ५०० लिटर पाणी मिळते, या गृहीतकावर आधारलेले आहे; ते चुकीचे ठरल्यास मूल्यात लक्षणीय घट होईल.’ या मजकुराखाली पुनर्पाहणीची तारीख घालावी, आणि ती कोरड्या ऋतूच्या शेवटच्या पंधरवड्यातली असावी.